विद्यार्थ्यांनी बनवलेली डिजिटल कोर्ट सिस्टीम लोक खरंच वापरतील का?

तुमचा प्रश्न असा की फायनल इयरचे चौघं मिळून कोर्टासाठी डिजिटल सिस्टीम बनवताय, पण ती सामान्य माणूस वापरेल का, की व्हायवा झाल्यावर पेनड्राइव्हमध्ये पडून राहील. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो आणि इंजिनिअरिंगच्या एका ग्रुपला असल्याच प्रोजेक्टमध्ये कायद्याच्या बाजूने मदत केलीय, म्हणून लिहितोय.

वापरतील, पण "अख्खं कोर्ट ऑनलाइन करतो" हे आधी डोक्यातून काढा. कोर्टाचं रोजचं काम ज्यावर चालतं ते सीआयएस (केसेसची नोंद ठेवणारं) सॉफ्टवेअर एनआयसी या केंद्र सरकारच्या आयटी संस्थेच्या पुण्याच्या टीमने बनवलंय तेही ओपन सोर्सवर, कोर्टं डिजिटल करायचा सरकारी ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून चालू आहे आणि २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्याला ७२१० कोटी मंजूर झालेत. त्याच्यापुढे सेमिस्टरभरात तुम्ही काय बनवणार? आणि बनवलं तरी खऱ्या केसेस तुमच्या सर्व्हरवर कोणी ठेवणार नाही, ठेवूही नयेत.

याचा अर्थ विद्यार्थ्यांकडून काही होत नाही असा नाही हं. इंडियन कानून ही कोर्टाचे निकाल शोधायची साइट सुशांत सिन्हांनी २००८ मध्ये सुरू केली तेव्हा ते अमेरिकेत पीएचडी करत होते, आज आम्ही वकील ती दिवसातून कितीदा उघडतो त्याला गणती नाही. बोस्टनच्या सफोक लॉ स्कूलमध्ये २०२० ला कोरोनात कोर्टं बंद झाली तेव्हा विद्यार्थी आणि बाहेरचे स्वयंसेवक मिळून कोर्टाचे फॉर्म मोबाइलवर भरता येतील असे करायला लागले, एकेक प्रश्न विचारायचा आणि शेवटी तयार अर्ज हातात. दोन्हीकडे कोर्टाच्या आतल्या कामाला हात लावलेला नाही, माणूस दारात जिथे अडतो तेवढंच सोडवलंय.

आमच्या ग्रुपला आधी तारखेचं ॲप करायचं होतं, आदल्या रात्री पक्षकाराला मेसेज जाईल वगैरे. म्हटलं आधी कोर्टात येऊन बसा. सकाळी बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी लागली, पुकारे सुरू झाले, जज साहेब रजेवर असल्याने त्या कोर्टाच्या सगळ्या मॅटरना नुसत्या पुढच्या तारखा पडत होत्या, आणि लांबून एसटीने आलेली माणसं रोजनाम्यावर (केसच्या रोजच्या नोंदीवर) सह्या करून परत चालली होती. पोरांनी क्लार्कना विचारलं ही तारीख साइटवर कधी दिसेल, तर ते म्हणाले हा गठ्ठा संपला की संध्याकाळी बसून भरतो. म्हणजे ॲप कितीही झकास असलं तरी माहिती त्या एका माणसाच्या बोटांतून येणार, आणि तुमच्यामुळे त्याचं टायपिंग डबल झालं तर तो ते करणार नाही, का करावं त्याने? शिवाय ई-कोर्टचं स्वतःचं ॲप आहेच, प्रत्येक केसला मिळणारा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की केसची स्थिती दिसते. साइटवरचा कॅप्चा चुकवून डेटा ओढायची आयडिया कोणीतरी काढेलच, तिकडे जाऊ नका, कौटुंबिक आणि पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) मॅटरमध्ये एखादं नाव बाहेर गेलं तर प्रोजेक्ट बाजूलाच, गुन्हा दाखल व्हायचा.

मग काय बनवायचं तर माझं मत पोटगीचं शपथपत्र. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या केसेसमध्ये दोन्ही बाजूंनी उत्पन्न, खर्च, मालमत्ता, कर्ज सगळं ठरलेल्या नमुन्यात द्यायचं असं सांगितलं. तो नमुना इतका लांबलचक आहे की बायका तो हातात घेऊन टेबलाटेबलाशी फिरतात. तो साध्या मराठीत एकेक प्रश्न विचारून भरून घ्या, शेवटी प्रिंट काढता येईल असं करा, माहिती फोनमध्येच राहू दे, तुमच्याकडे काहीच साठवू नका. सुरुवातीलाच हेही सांगा की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळू शकतो, कारण हे खूप जणींना माहीतच नसतं. आणि फॉर्म तुमचा तुम्ही भरून बघून पास करू नका, भाड्याच्या घरात राहणारी, पगार रोखीत घेणारी, सॅलरी स्लिप कधी न पाहिलेली बाई शेजारी बसवून भरा, मग कळेल कुठला प्रश्न अडकतो.

दुसरं म्हणजे पास झाल्यावर हे कोण चालवणार ते आत्ताच ठरवा. नमुना बदलला आणि तुमचा फॉर्म जुनाच राहिला तर अर्ज परत येईल, आणि हेलपाटा त्या बाईला पडेल तुम्हाला नाही. जवळच्या लॉ कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकला (मोफत कायदेशीर मदत केंद्राला) सोबत घ्या, तिथे दरवर्षी नवी पोरं येतात. परवानगीसाठी थेट जज साहेबांकडे जाण्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, त्यांचं ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. प्रिन्सिपलचं पत्र, गाइडची सही आणि चालणारा डेमो घेऊन जा, नुसता ईमेल टाकून उत्तराची वाट बघत बसू नका.