गेमचा सर्व्हर बंद होतोय. मग मुलीने याच क्षेत्रात जावं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. आठवीपासून ती मैत्रिणींबरोबर मोबाइलवर एक ऑनलाइन गेम खेळते. तीन महिन्यांनी सर्व्हर (गेम ज्यावर चालतो तो कंपनीचा संगणक) कायमचा बंद होणार, अशी नोटीस कंपनीने आता गेममध्येच लावली आहे. वाढदिवसाचे, चतुर्थीला पाहुण्यांनी हातावर ठेवलेले असे मिळून सहा हजार रुपये तिने त्यात घातलेत. ती फार चिडली आहे, सह्यांच्या मोहिमेत उतरली आहे आणि ‘मी गेमच बनवणार’ म्हणते. तिचे बाबा म्हणतात, जो धंदा एका नोटिशीने बंद पडतो त्यात करिअर कसलं? आम्ही काय करावं?
– एक आई, साखळी

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या भीतीला आधार आहे. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम 23 ऑगस्ट 2024 ला बाजारात आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. घेणाऱ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले, पण तो बनवणारा स्टुडिओ त्याच वर्षी ऑक्टोबरात बंद करण्यात आला. तरीही मुलीला या वाटेवरून मागे ओढू नका. गेम बंद होतो तेव्हा नेमकं काय बंद होतं, हे तिने नीट समजून घेतलं तर कोणतं शिक्षण घ्यायचं, याचं उत्तर तिला तिथेच मिळेल.

खेळाडूंना वाटतं, सर्व्हरचं भाडं परवडत नाही म्हणून कंपनी गेम बंद करते. भाडं हा त्यातला लहान भाग. खेळणारे कमी झाले की क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली, यंत्रंही कमी करता येतात. माणसं तशी कमी करता येत नाहीत. आठ हजार लोक खेळोत की आठ लाख, बिघाड दुरुस्त करणारे, फसवेगिरी पकडणारे, तक्रारी पाहणारे आणि अँड्रॉइडच्या नव्या नियमांनुसार अ‍ॅप अद्ययावत ठेवणारे लोक लागतातच. समजा बारा जणांची तुकडी आहे आणि माणशी सरासरी एक लाख पगार. महिन्याला बारा लाख झाले. महिन्याभरात खेळणारे आठ हजार, त्यातले शंभरात तीन पैसे खर्च करतात आणि प्रत्येकी तीनशे रुपये देतात असं धरा. जमा होतात 72 हजार. हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, पण गणित असंच चालतं. शिवाय तेच बारा जण नव्या गेमवर लावले तर जास्त मिळेल, असंही प्रकाशकाला, म्हणजे गेममध्ये पैसा घालून तो बाजारात आणणाऱ्या कंपनीला, दिसत असतं.

याहून वाईट गोष्ट मॅचमेकिंगमध्ये, म्हणजे सामन्यासाठी खेळाडूंची जुळणी करताना, घडते, आणि ती बाहेरून दिसत नाही. संध्याकाळी दोन हजार जण ऑनलाइन आहेत म्हटल्यावर गेम जिवंत वाटतो. पण ते तीन प्रदेशांत, दोन प्रकारच्या खेळांत आणि कौशल्याच्या पाच पायऱ्यांत विभागलेले असतात. म्हणजे तीस गट, एका गटात सुमारे 66 जण. पाच विरुद्ध पाच असा वीस मिनिटांचा सामना असेल तर साठ जण आधीच खेळात गुंतलेले आणि सहा जण वाट पाहत बसलेले. दहा जमल्याशिवाय सामना सुरू होत नाही. वाट कमी करायला कंपनी पायऱ्या एकत्र करते, मग नवख्याची गाठ मुरलेल्याशी पडते, तो चार सामने हरतो आणि अ‍ॅप काढून टाकतो. गट आणखी लहान होतो. एकदा हे चक्र लागलं की जाहिरातीने गेम वर आल्याची उदाहरणं थोडीच.

कधी गेम चालू असूनही परवाना संपतो. गाड्या, गाणी, खेळाडूंचे चेहरे, चित्रपटातली पात्रं मुदतीच्या कराराने घेतलेली असतात. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ 15 डिसेंबर 2011 ला बंद झाला, त्यामागे परवान्याची मुदत होती, आणि पाच दिवसांनी त्याच विश्वातला दुसरा ऑनलाइन गेम बाजारात आला. कधी पायाखालचं तंत्रज्ञानच निघून जातं. फेसबुकवरचा मूळ ‘फार्मविल’ 31 डिसेंबर 2020 ला गेला, कारण तो ज्या फ्लॅश या तंत्रज्ञानावर चालायचा, त्याला अ‍ॅडोबीने त्याच दिवशी विराम दिला. ‘गेमस्पाय’ ही खेळाडूंना एकमेकांशी जोडून देणारी सेवा 31 मे 2014 ला बंद पडली, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक गेमचा ऑनलाइन भाग एकदम अडचणीत आला. त्या गेममध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

आपल्याकडे सरकारी आदेशाचीही भर आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली. 2021 मध्ये त्याची भारतासाठीची आवृत्ती आली, जुलै 2022 मध्ये तीही दुकानातून काढली गेली आणि 2023 मध्ये परतली. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे कौशल्याच्या व्हिडिओ गेम स्पर्धांना, मान्यता दिली. पैशांच्या खेळांवर उभ्या असलेल्या मोठमोठ्या कंपन्यांना आपला मुख्य धंदा काही दिवसांत थांबवावा लागला.

आता खेळाडूंचा राग. तो पोरकट नाही, हे बाबांना जरूर सांगा. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 2014 चा. एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हता. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कुणालाच उघडता येईना. त्यातून रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय नागरिकांच्या अधिकृत याचिकेवर 2025 मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं नाही. विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच ते मागतात. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकताना, ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगणं बंधनकारक झालं. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा गेम 2012 मध्ये निदर्शनं, विनंत्या सगळं होऊनही बंद झाला. खेळाडूंनी तो खासगी सर्व्हरवर जगवला, 2019 मध्ये ते उघड झालं आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने त्यांतल्या एका गटाला रीतसर परवाना दिला.

मग प्रत्येक कंपनी जाताना सर्व्हर खेळाडूंच्या हाती का देत नाही? तुमची मुलगी हाच प्रश्न विचारत असणार, आणि तिचा अभ्यासक्रम इथूनच सुरू होतो. ‘सर्व्हर’ म्हणजे एकच प्रोग्राम नसतो. लॉगिन वेगळं, खेळाडूंची जुळणी वेगळी, प्रत्यक्ष सामना चालवणारा प्रोग्राम वेगळा. वस्तूंचा डेटाबेस, दुकान, गप्पा, क्रमवारी हे आणखी वेगळं. यातले काही भाग दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले असतात आणि ते इतरांना द्यायची मुभा करारात नसते. डेटाबेसमध्ये लोकांची खासगी माहिती असते. तोच कोड पुढच्या गेममध्ये चालू असतो, तो उघडा केला तर त्यातल्या फटी सगळ्यांना दिसतात. हे सगळं शेवटच्या तीन महिन्यांत सोडवायचं म्हटलं तर महाग पडतं. पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवलं तर जमतं. ‘नॉकआउट सिटी’ 2023 मध्ये बंद करताना कंपनीने संगणकावर स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट दिली. ‘मल्टिव्हर्सस’ 2025 मध्ये बंद झाला तेव्हा त्याचा ऑफलाइन भाग चालू राहिला. माझं मत स्पष्ट आहे: बंद करताना काय उरेल, हे आधी ठरवणारे इंजिनिअर या उद्योगाला कमी पडत आहेत.

थोडं सहा हजारांबद्दल. नोटिशीत सहसा तीन तारखा असतात: खरेदी बंद होण्याची, दुकानातून अ‍ॅप जाण्याची आणि सर्व्हर बंद होण्याची. मासिक वर्गणी चालू असेल तर ती प्ले स्टोअरमधून आणि यूपीआयच्या ऑटोपेमधून, दोन्हीकडून रद्द करा. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. न वापरलेलं गेमचं चलन परत मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा आणि पावत्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. नोटीस आल्यानंतर कंपनीने विकलेल्या गोष्टींबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. चार वर्षांपूर्वीच्या खर्चाची आशा मात्र धरू नका. ‘बंद झालेला गेम इथे चालू’ म्हणून मिळणाऱ्या अनोळखी एपीके फाइली (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायच्या फाइली) फोनवर अजिबात घेऊ देऊ नका, त्यांतून पासवर्ड चोरीला जातात. आणि मैत्रिणींचे संपर्क गेमबाहेर लिहून घ्यायला सांगा. गेमबरोबर तिची मित्रयादीही जाणार आहे, खरं दुःख बहुधा त्याचंच असेल.

आता शिक्षण. बारावीनंतर लगेच काही लाखांचा ‘गेम डिझाइन’चा खासगी डिप्लोमा घेऊ नका. भौतिकशास्त्र-गणित असेल तर कॉम्प्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंग. फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय तुम्हाला जवळचंही आहे. तिथे नाही जमलं तर गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातलं बीसीए किंवा कॉम्प्युटर सायन्स. ओढा चित्रकलेकडे असेल तर आल्तिनोचं गोवा कला महाविद्यालय, आणि ग्राहकांच्या हक्काची लढाईच मनात घर करून असेल तर मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयातला पाच वर्षांचा अभ्यासक्रम. या मोहिमांना कायदा समजणारे लोकही लागतातच. नेटवर्किंग, डेटाबेस, लिनक्स शिकलेली मुलगी गेम कंपनी बंद पडली तर बँकेच्या किंवा हॉटेल बुकिंगच्या प्रणालीवर काम करू शकते. फक्त एका गेम इंजिनची (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरची) बटणं शिकलेल्याला ते अवघड जातं. बाबांच्या प्रश्नाला माझं हे उत्तर आहे.

इथून पुढचं थेट मुलीसाठी. बोर्डाची परीक्षा आधी. ती झाली की सुट्टीत मेंढीकोटचा ऑनलाइन गेम बनव. चार खेळाडू, प्रत्येकी तेरा पानं, दोन जोड्या. पाळीपाळीने खेळायचा असल्याने मिलिसेकंदांची चिंता नाही, आणि तरी सर्व्हरचे सगळे मूळ धडे त्यात आहेत. ‘गोडॉट’ हे इंजिन फुकट आणि मुक्त परवान्याचं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि त्याचा सर्व्हर पडद्याशिवाय चालवता येतो.

पहिली चूक सगळे करतात: सर्व्हर बावन्न पानं चारही फोनांना पाठवतो आणि फोन फक्त आपली तेरा दाखवतो. मग थोडं तांत्रिक ज्ञान असलेला कुणीही बाकीच्यांची पानं वाचू शकतो. ज्याची पानं त्यालाच पाठव. पान टाकलं की ते हातात होतं का, उतारीचा रंग असताना दुसरा टाकला का, हे सर्व्हरने तपासायचं. फोनवर विश्वास ठेवायचा नाही. दुसरी अडचण पावसाळ्यात कळेल. वीज गेली आणि त्याच क्षणी फाइल लिहिली जात असेल तर डाव अर्धवट राहतो. म्हणून प्रत्येक हात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये एका ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदव, म्हणजे नोंद एक तर पूर्ण होते नाहीतर होतच नाही. तिसरी: घरात चालणारा सर्व्हर वाळपईच्या मैत्रिणीला दिसणार नाही. घरच्या इंटरनेटला बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यासाठी खासगी व्हीपीएन (दूरच्या फोन-संगणकांना एका खासगी जाळ्यात जोडणारी सोय) वापर किंवा महिनाभर छोटा क्लाउड सर्व्हर भाड्याने घे.

सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटी. सर्व्हरचा पत्ता कोडमध्ये पक्का लिहू नकोस, तो सेटिंगमध्ये बदलता यायला हवा. लॉगिनसाठी बाहेरच्या कंपनीवर विसंबू नकोस. परवाना आणि मराठीत सूचनांची फाइल जोड. मग तुझा सर्व्हर बंद कर, सगळा संच मैत्रिणीला दे आणि फोनवर एकही शब्द न सांगता तिला तिच्या घरी तो चालू करू दे. ती जिथे अडेल ते लिहून ठेव, सुधार आणि दुसऱ्या मैत्रिणीकडे हीच परीक्षा घे. कॉलेजात इंटर्नशिप मागायला जाशील तेव्हा दहा अर्धवट गेमपेक्षा या एका कामाबद्दल तुला जास्त विचारतील.

ताई, पुढे नोकरी किंवा इंटर्नशिप आली की तिला कंपनीला चार गोष्टी विचारायला सांगा. उत्पन्न एकाच गेमवर आहे का? गेमचे हक्क कंपनीचे की प्रकाशकाचे? प्रकाशकाने करार थांबवला तर किती महिन्यांचा पगार हाताशी आहे? आणि गेममध्ये पैसे लावले जातात का? गोव्यात तर हे जास्तच तपासा, कारण इथल्या ‘गेमिंग’च्या जाहिरातींमागे अनेकदा मांडवीतले कॅसिनो असतात. चौथ्याचं उत्तर ‘हो’ असेल किंवा तिसऱ्याचं उत्तर मिळालंच नाही, तर तिने ती जागा सोडावी.