पानावर तीनच ओळी, मग पैसे कशाचे?

मागच्या अंकात लहान लेकरांच्या नव्या चित्रपुस्तकांवर थोडं लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत, म्हणून यावेळचं सदर त्यालाच.

पोरगी 3 वर्षांची आहे. तिच्यासाठी मराठीतलं नवीन चित्रांचं पुस्तक मागवलं. 24 पानं, पानावर दोन-तीन ओळी, पाच मिनिटात संपलं. घरचे म्हणतेत यापेक्षा अंकलिपी आणली असती तर निदान अक्षरं तरी आली असती. पैसे वाया गेले का नाही, तुम्हीच सांगा. (एक बाबा, लातूर)

नाही गेले दादा. पाच मिनिटात संपलं कारण तुम्ही फक्त ओळी वाचल्या. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते, आणि पुस्तक खरंच चांगलं असलं तर ती निम्मी गोष्ट ओळीत मुद्दाम सांगितलेलीच नसते. समजा खाली लिहिलंय, "बंडूनं चप्पल सगळीकडं शोधली, कुठंच सापडेना." वर चित्रात बंडू कॉटखाली डोकं घालून पडलाय आणि मागं दारात शेळी तीच चप्पल चघळत उभी आहे. तुम्ही ओळ वाचून पान उलटायला जाता आणि पोरगी बोट ठेवून ओरडते, "बाबा, शेळी! शेळी!" बंडूला माहीत नाही, लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही, बाबाला दिसलं नाही आणि मला दिसलं, ही जी मजा आहे ना, तिचे पैसे दिलेत तुम्ही. (बाकी प्रत्येक पान रंगीत छापायचं, कागद जाड लावायचा, चित्रकाराला मानधन द्यायचं, म्हणजे किंमत थोडी चढणारच.)

तर आता एक करा, पान उलटायचं काम तिच्याकडं द्या. ओळ वाचली की गप बसा, ती चित्रात काय शोधते ते बघा, ती मागं गेली तर मागं जा, एकाच पानावर अडकली तरी अडकू द्या, आणि तेच पुस्तक रोज मागितलं तर रोज वाचा, तुम्ही कंटाळाल पण ती नाही कंटाळणार. अंकलिपी नंतर आणा की, कोण नको म्हणतंय. पण ऐ ऐरणीचा आणि ठ ठशाचा म्हणताना लेकरानं ना ऐरण बघितलेली असते ना ठसा, त्यामुळं ते नुसतं पाठांतर होतं. लातूरचे आहात म्हणून सांगते, पॅटर्न दहावी-बारावीला ठेवा.

मला लिहिता-वाचता येत नाही. लेक-सून दोघं कामाला जातेत, नातू दिवसभर माझ्यापाशी असतो, 4 वर्षांचा आहे. सुनेनं पुस्तकं आणून ठेवलीत, पण मी काय वाचू? (एक आजी, धाराशिव जिल्हा, सुनेनं लिहून पाठवलं)

आजी, एकही शब्द नसलेली पुस्तकंसुद्धा निघतात, सगळी गोष्ट नुसत्या चित्रातून. सुनेला सांगा, तसली एक-दोन आण म्हणावं. पण घरात आहेत ती पण चालतील. आधी मुखपृष्ठ बघायचं, ह्यो कोण, कुठं निघाला असंल, मग पुढचं पान. माणसाचं तोंड कसं काढलंय ते बघा, रागावलंय का हसतंय, आणि पान उलटायच्या आधी नातवाला विचारा, आता काय होईल रे? तो जे सांगेल ते खरं धरा.

आणि तुमच्या तोंडची भाषा बदलू नका. पुस्तकात शेताचं चित्र आलं की येळवशीला (वेळा अमावस्येच्या शेतातल्या पूजेला) कडब्याची कोप कशी करतो, पाच पांडव कसे मांडतो, भज्जी आणि आंबिल कशी असते, हे सगळं तिथं येऊ द्या, गोष्ट लांबली तर लांबू दे. सुनेनं संध्याकाळी तेच पुस्तक वाचलं आणि गोष्ट वेगळी निघाली, तर नातू दोघींना भांडत बसेल, बसू द्या. कुणाची खरी हे ठरवायला तो चित्रंच निरखून बघणार.

माझी अंगणवाडी तांड्यावर आहे. लेकरं घरी गोरबोली (बंजारा बोली) बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना पटकन कळत नाही. पुस्तकं पण मोजकीच. काय करू? (सेविका, बीड जिल्हा)

ताई, पहिल्या फेरीत ओळी वाचूच नका. पुस्तक छातीशी उलटं धरा, म्हणजे चित्र लेकरांकडं, आणि दिसेल ते त्यांच्या बोलीत सांगू द्या. मग दुसऱ्या दिवशी मराठीतनं वाचा, तोवर गोष्ट त्यांना माहीत झालेली असते, भाषा तेवढी नवी राहते.

पुस्तकांचं म्हणाल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर, म्हणजे गोष्टींची वेबसाईट, मोबाईलवर उघडा, 2015 पासून चालू आहे, मराठी गोष्टी भरपूर, आणि फुकट. त्यावर पातळ्या असतात. पहिली पातळी 250 शब्दांच्या आतली, तुम्हाला तीच लागेल, दुसरी 600 पर्यंत जाते. परवाना खुला असल्यामुळं गोष्ट डाऊनलोड करून प्रिंट काढता येते, भाषांतर पण करता येतं. म्हणजे तांड्यावरच्या कुणा शिकलेल्या पोरीला बसवून गोरबोलीत लिहून घ्या ना, चित्रं तीच ठेवायची. दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांच्या हातात असली एखादी प्रिंट द्या, ब्लॅक अँड व्हाईट असली तरी चालेल, रंग ते भरतील.

टॅबवर पुस्तकं दाखवली तर चालतील का? मुलगा दीड वर्षाचा. (जालना)

त्याला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचना बघा, 2 वर्षांखाली स्क्रीनवर बसवूच नका म्हणतात, त्यापुढं 4 वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, तो पण कमी तेवढा बरा. त्याच सूचनांमध्ये बसल्या वेळी गोष्ट सांगा, वाचून दाखवा असं आहे. दीड वर्षाच्याला पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे असलेलं बोर्ड बुक घ्या. तोंडात घालेल, घालू दे, पुसून घ्यायचं.

मराठीत नवीन चांगली कुठं मिळतील? आमच्या गावात दुकानात सगळी तीच ती चकचकीत. (परभणी)

ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट (यांची खिशाला सगळ्यात हलकी), चेन्नईचं तुलिका, ते मराठीत पण काढतात, आणि प्रथम बुक्स. ऑनलाईन मागवा नाहीतर जवळ ग्रंथप्रदर्शन भरलं की जा. नवीन म्हणून घेताना आतल्या पानावर पहिली आवृत्ती कधीची ते बघा, जुनंच नवं कव्हर लावून आलेलं असतं कधीकधी. अर्थात जुनं चांगलं असलं तर बिनधास्त घ्या. आणि चित्रकाराचं नाव कुठंच नसलं तर मी तरी ते पुस्तक खाली ठेवते.

पिना निघाल्यात, पानं सुटलीत. फेकून द्यावं का? (नांदेड)

अजिबात नाही. आधी उरलेल्या पिना काढून टाका, लेकराच्या तोंडात जातील. मग पानं नीट जुळवून मधल्या घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, वर, मध्ये, खाली. जाड दोरा घ्या. आतून मधल्या भोकातनं बाहेर, बाहेरून वरच्यातनं आत, आतल्या आत खाली जाऊन खालच्यातनं बाहेर, आणि परत मधल्यातनं आत. आतला लांब दोरा मध्ये धरून दोन्ही टोकांची गाठ मारा, गाठ आतच राहते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून सुटते, पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवा.