आजाऱ्याच्या समाचाराला जाताना

बाप्तिस्मा झाला की लवकरच मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणाच्या तरी समाचाराला जायची वेळ येते. बायबलमधलं मत्तय 25:36 (आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याबद्दलचं वचन) पाठ असतं, गडबड होते ती उत्साहाने. आधी फोन करून वेळ विचारा. 10-15 मिनिटं पुरे. पाहुणा आला की रुग्ण उगाच उठून बसतो. खुर्ची ओढून बसा, म्हणजे त्याला मान वर करावी लागत नाही. प्रार्थना करू का, हे विचारा. नको म्हटलं तर विषय संपला. हो म्हटलं तर हळू आवाजात चार-पाच वाक्यं. शेजारच्या खाटेवरचा आत्ताच झोपलेला असतो. ‘विश्वास ठेव, बरा होशील’ असं मात्र म्हणू नका. दुखणं वाढलं की तो आपल्याच विश्वासाला दोष देत बसतो, आणि ते दुखणं गोळीने जात नाही.

‘काही लागलं तर सांगा’ यावर कुणी काही सांगत नाही (याकोब 2:16 अशाच कोरड्या शब्दांबद्दल आहे). ‘रात्री 8 ला डबा आणतो, मीठ कमी ना?’ असं विचारा. सोबतीला बसलेल्या नातेवाइकाला तासभर मोकळं करा, त्याची अंघोळही राहिलेली असते. रविवारी उपासनेत आजाराचं नाव घेण्याआधी रुग्णाची परवानगी घ्या. फोटो तर नकोच.