सासूबाई म्हणतात बायकांनी रुद्र म्हणायचा नाही

"ताई, माझे बाबा रोज रुद्र म्हणायचे. ते गेल्यावर मी दीड वर्ष ऑनलाईन क्लास लावून तो शिकले. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी देवघरात म्हणत होते तर सासूबाईंनी मधेच थांबवलं, बायकांना वेदाचा अधिकार नाही, घराला बाधतं म्हणाल्या. दोन दिवसांनी मुलाला ताप आला. तेव्हापासून सगळे माझ्याकडेच बघतायत. नवरा गप्प आहे. मी खरंच काही चुकीचं केलं का?"

अगं, आधी तापाचं बोलू, कारण ते तू एका ओळीत उरकलंयस पण मनात तेच सगळ्यात जास्त खुपतंय असं वाटतंय मला. पावसाळ्यात पोरांना ताप येतो, ज्या घरात कुणीच रुद्र म्हणत नाही तिथेही येतो. तुझ्यामुळे आला नाही. आई म्हटलं की असली शंका लगेच चिकटते, म्हणून स्पष्ट लिहितीये.

आता अधिकाराचं. रुद्र म्हणजे यजुर्वेदातली शंकराची स्तुती, म्हणून वेदाच्या अधिकाराचा प्रश्न येतो. तुला बरं वाटावं म्हणून मी अर्धवट सांगणार नाही. सासूबाईंनी हे मनाने बनवलेलं नाहीये. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बायकांचे संस्कार मंत्रांशिवाय करायचे असं आहे, भागवतात तर स्त्रिया आणि शूद्रांना वेद ऐकायला मिळत नव्हते म्हणून व्यासांनी महाभारत रचलं असं लिहिलंय. सगळे जण फॉरवर्ड करतात ते 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते' पण मनुस्मृतीतलंच, तिसऱ्या अध्यायातलं. त्यामुळे एक श्लोक तू काढलास की दुसरा त्या काढतील आणि हे भांडण संपायचंच नाही.

पण त्याच्याही आधीचं बघ. ऋग्वेदात घोषा, अपाला, विश्ववारा यांच्या नावावर सूक्तं आहेत, दहाव्या मंडलातलं देवीसूक्त अंभृण ऋषींची मुलगी वाक् हिच्या नावावर आहे, आणि तेच सूक्त आजही गुरुजी म्हणतात. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना भर सभेत प्रश्न विचारणारी गार्गी बाईच होती. मंत्र सुचला बाईला आणि म्हणायचा मात्र बाईने नाही, हे मला तरी कधीच पटलं नाही.

आणि मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट सांगते, तुझ्या बाबांचं वाचून तीच आठवली. बृहदारण्यक उपनिषदात शेवटी शेवटी, मुलगी पंडिता व्हावी, तिला पूर्ण आयुष्य मिळावं असं ज्याला वाटतं त्याने तीळभात शिजवून बायकोबरोबर तुपासोबत खावा असं सांगितलंय. म्हणजे शिकलेली मुलगी हवी म्हणून आईबाप मुद्दाम काहीतरी करायचे! नंतर शंकराचार्यांनी भाष्यात लिहिलं की हे पांडित्य घरकामापुरतंच, कारण मुलीला वेदाचा अधिकार नाही. मूळ वाक्यात घरकाम कुठेच नाहीये. दार नंतर बंद झालं ते असं, अर्थ लावता लावता, आणि मग तो अर्थच नियम होऊन बसला.

ते उघडणारेही आपल्याकडेच झाले की. शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांनी (ते १९४१ साली गेले) कन्याकुमारी स्थान या आपल्या आश्रमात मुलींना वेदमंत्र म्हणायला शिकवले. पुण्यात १९७० च्या दशकापासून बायका पौरोहित्य शिकतायत, लग्नं लावतायत, वास्तुशांत करतायत. त्यामुळे तू काही जगावेगळं केलेलं नाहीस.

हे सगळं सासूबाईंना ऐकवू नकोस मात्र. त्या श्लोकाने दुखावलेल्या नाहीत, घाबरलेल्या आहेत. लहानपणापासून हे करू नकोस, शिवू नकोस, घराला बाधेल असं ऐकत ज्या वाढल्या त्यांना नातवाचा ताप दिसला की छातीत धस्स होणारच, आणि त्यांच्या त्या भीतीला आजवर कुणी नीट उत्तरही दिलं नसेल. एखाद्या दुपारी शेजारी बस आणि बाबांबद्दल सांग, ते कधी म्हणायचे, तू शिकताना कुठे अडायचीस, म्हणताना तुला कसं वाटतं. परवानगी मागू नकोस, फक्त सांग. लगेच पटेलच असं नाही, कदाचित कधीच पटणार नाही, तरी सांग.

आणि नवऱ्याशी आज रात्रीच बोल. आईला दुखवायचं नाही म्हणून तो गप्प असेल, मी समजू शकते, पण त्याच्या गप्प बसण्यामुळे पोराच्या तापाचा आळ तुझ्यावर राहिलाय. तापाचा आणि हिच्या रुद्राचा काही संबंध नाही, एवढं एक वाक्य त्याने आईसमोर, तू तिथे असताना बोलायला हवं. हे काम तुझं नाही, त्याचं आहे.

तोपर्यंत म्हणणं सोडू नकोस गं, दीड वर्षाने बसलेले स्वर महिनाभरात हलायला लागतात. सकाळी लवकर म्हणत असशील आणि घरात कुणी झोपलेलं असेल तर आवाज हळू ठेव, पण तो त्यांची झोपमोड नको म्हणून, लपवायचं म्हणून नाही.