‘जागेर गान’ म्हणजे जागेचं गाणं नव्हे

प्रश्न: रंगपूरच्या (आता बांगलादेशात) १७८३च्या शेतकरी उठावावर लोककवी रतिराम दास यांचं ‘जागेर गान’ आहे. त्याचा अर्थ ‘जागेचं, म्हणजे जमिनीचं गाणं’ असा दिलेला वाचला. बरोबर आहे का?

अजिबात नाही. हा अर्थ पुन्हा पुन्हा कानावर येतो आणि दर वेळी संताप होतो. शेतकऱ्यांचं बंड, म्हणून जमिनीचं गाणं! अहो, जागेला बंगालीत ‘जायगा’ म्हणतात. त्याची षष्ठी ‘जायगार’ होते. ‘जागेर’मधला ‘एर’ म्हणजे आपला चा-ची-चे. तो काढला की उरते ‘जाग’. पहाटे आपल्याला येते तीच.

उत्तर बंगालात रात्र जागवून म्हणायची ती जाग-गाणी. रंगपूरकडे ती चैत्रात मदनदेवाच्या पूजेला म्हणत. म्हणजे आपला जागर! खंडोबाचं जागरण तेच, गोव्यातल्या गावड्यांचा जागोरही तोच. शिवोलीला तर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागोर करतात. एकच धातू, ‘जागृ’, पण केवढा मुलूख व्यापून बसलाय!

माझं ठाम मत असं की कथागीताचा जन्मच या जागण्यात आहे. नुसत्या स्तुतीवर रात्र सरत नाही, गोष्ट लागते. वाघ्या-मुरळी म्हाळसा-बाणाईचं भांडण रंगवतात ते त्यासाठीच. रतिरामांनी त्याच रात्रीत इजारदार, म्हणजे महसूलवसुलीचा मक्ता घेतलेल्या, देवीसिंगाचा जुलूम आणला, इटाकुमारीचे जमीनदार शिवचंद्र आणले, मंथनाच्या जमीनदारीण जयदुर्गेचा संताप आणला. देवाच्या रात्री रयतेचं गाऱ्हाणं! म्हणून याला ‘बंगाली पोवाडा’ म्हणणंही मला पटत नाही. पोवाड्याला जागण्याचं व्रत नसतं.

‘जाग’ हे ‘याग’चं रूप, असं म्हणणाऱ्यांशी तर माझं उघड भांडण आहे. बंगालीत शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होतो, कबूल. पण तेवढ्या उच्चारावर या गाण्याला होमकुंडापाशी नेऊन बसवायचं? जागणारी सगळी रात्र मग कुठे गेली?

आणि हो, त्या उठावाचं तिथलं नाव ‘ढिंग’. रतिरामांनी ते ‘देवीसिंग’शी यमकात बसवलंय. त्याचा ‘धिंगाणा’ करू नका. उठाव करणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला पुढारी नूरलुद्दीन याला नवाब केलं, दयाराम शीलला दिवाण नेमलं आणि लढ्यासाठी ‘ढिंग-खर्चा’ नावाची स्वतःची पट्टी बसवली.