ग्रीक-रोमन कथांवरची चित्रे पाहताना पाहणारा पुरुष आहे की स्त्री, याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो बऱ्याचदा चित्रकारानेच रंगवून ठेवलेला असतो. इतक्या ठामपणे लिहिण्यामागे एक जुनी खदखद आहे, हे आधीच सांगते.

कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षी आमच्या सरांनी इटालियन चित्रकार टिशियनच्या 'डायना आणि अ‍ॅक्टिऑन' या चित्राची स्लाइड दाखवली होती. शिकारीला निघालेला अ‍ॅक्टिऑन चुकून शिकारीची देवी डायना हिच्या स्नानाच्या जागी पोहोचतो, ती त्याचे हरीण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात, ही कथा आपण जाणताच. सरांच्या मते ही एका निरपराध माणसाच्या दुर्दैवाची गोष्ट होती आणि त्यातली नग्नता म्हणजे निव्वळ रचना होती. मी विचारले, "सर, तिने ते कापड कोणापासून धरले आहे?" वर्ग हसला. सर म्हणाले, "मुली विषय बघतात, चित्र बघत नाहीत." मी गप्प बसले आणि ते गप्प बसणे मला पुढे कित्येक वर्षे डाचत राहिले.

नंतर लंडनच्या नॅशनल गॅलरीत मूळ चित्रासमोर उभे राहण्याचा योग आला. डावीकडे पडदा सरकलेला आहे आणि अ‍ॅक्टिऑन हात वर करून थबकला आहे. उजवीकडे डायना पांढरे कापड उंच धरून त्याच्याआडून तिरक्या नजरेने त्याच्याकडे पाहते आहे, तर मधल्या खांबामागून एक सखी डोकावते आहे, जी स्लाइडच्या अंधुक रंगांत मला कधी दिसलीच नव्हती. त्याच खांबावर हरणाची कवटी आहे. आता कापडाकडे पाहा: ते अ‍ॅक्टिऑनची नजर अडवते, आपली मुळीच नाही. आपल्या बाजूने सगळे उघडे आहे. टिशियनने हे चित्र १५५६ ते १५५९ या काळात स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी रंगवले, म्हणजे ओझरते पाहणाऱ्याला मृत्युदंड आणि मन भरेपर्यंत पाहण्याची सोय राजाला! याला मी रचना म्हणायला तयार आहे, पण निव्वळ रचना नव्हे.

स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने रंगवलेल्या, आरशात पाहणाऱ्या व्हीनस या प्रेमदेवतेबद्दलही हेच म्हणता येईल. तिचा चेहरा आपल्याला आरशात दिसतो, त्या अर्थी तिलाही आपण दिसत असणार, तरी चित्र तिच्या पाठीवरच रेंगाळते. मेरी रिचर्डसन हिने १९१४ साली त्यावर सुरा चालवला तो ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या एमलिन पँकहर्स्ट यांच्या अटकेच्या निषेधार्थ. पुरुष दिवसभर त्या चित्राकडे टक लावून पाहत ते आपल्याला आवडत नसे, हे तिने कित्येक वर्षांनी सांगितले. सुरा चालवण्याचे समर्थन मी करत नाही.

आपण कलेचे विद्यार्थी असाल, तर चित्रात कोण कोणाकडे पाहते आहे याच्या रेषा वहीत काढून पाहा आणि वर्गात कोणी हसले, तर वही पुढे करा.

सरांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वाट चुकण्यात कसला गुन्हा, असे ही कथा सांगणाऱ्या रोमन कवी ऑव्हिडनेच विचारले आहे, तेव्हा अ‍ॅक्टिऑन निरपराध होता हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी मात्र अ‍ॅक्टिऑनबद्दल विचारलेच नव्हते, कापडाबद्दल विचारले होते.