चीज शाकाहारी आहे का, हे हॉटेलात विचारावे का?

प्रश्न : आम्ही दोघेही सत्तरीत आहोत. पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. गेल्या रविवारी नातीने आम्हांला घोडबंदर रोडवरच्या एका इटालियन हॉटेलात दुपारी जेवायला नेले. दारातच काचेच्या काउंटरमध्ये चीज, पाव आणि ऑलिव्ह सुटे विकायला मांडले होते आणि पलीकडे चार टेबले होती. जेवण आवडले, परंतु पास्त्यावर किसून घातलेले चीज शाकाहारी नसते, असे शेजाऱ्यांनी नंतर सांगितले. हे खरे आहे का? पुन्हा गेलो तर काय मागवावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि कोणते अर्धे, हे चीज कुठून आले यावर ठरते. पास्त्यावर बहुधा किसून घालतात त्या चीजचे पार्मिजानो रेज्जानो हे नाव इटलीतील पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि त्यांना लागून असलेल्या ठरावीक भागातच तयार झालेल्या, किमान 12 महिने मुरवलेल्या चीजलाच लावता येते. आणि त्याचे दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने घट्ट करावे, असा तिथला नियमच आहे. ग्राना पादानो हे त्याचे स्वस्त भावंडही याच रेनेटने होते, शिवाय त्यात बहुधा अंड्याच्या पांढऱ्यातून मिळवलेले लायसोझाइम हे टिकवणारे द्रव्य घालतात, म्हणजे आपल्यासाठी दुहेरी अडचण. याउलट भारतात तयार होणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात, म्हणून त्यांच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो.

तेव्हा विचारावे, आणि संकोच न करता विचारावे. मात्र 'हे शाकाहारी आहे ना?' असे विचारल्यास मान डोलावून 'हो' हेच उत्तर मिळते, कारण वाढणाऱ्याच्या लेखी मांस नसले की पदार्थ शाकाहारी झाला. त्याऐवजी 'किसलेले चीज इथले आहे की इटलीहून आलेले?' असे विचारावे. काउंटरवर कापून ठेवलेल्या तुकड्याला लेबल नसते, म्हणून मूळ वेष्टन दाखवायला सांगावे. त्याच सुरीने आणि त्याच फळीवर सलामी, म्हणजे मुरवलेले मांस, कापली जात असेल, तर धुतलेली सुरी मागण्यातही काही गैर नाही.

मागवायचे म्हणाल, तर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढ्यावरच होणारा मारिनारा पिझ्झा मुळातच बिनचीजचा असतो. लसूण आणि ऑलिव्ह तेलातला आल्यो ए ओल्यो पास्ताही चालेल, मात्र तो वाळवलेल्या पास्त्याचा असावा. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. पेस्तो या हिरव्या, चटणीसारख्या सॉसमध्ये चीज वाटतानाच मिसळलेले असते, त्यामुळे 'वरून घालू नका' म्हणून उपयोग होत नाही. गोडात तिरामिसूत अंडे आणि पन्ना कोत्तात प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन असते. तेव्हा गोड घरी येऊन खावे, हे माझे पक्षपाती मत.

प्रश्न : नेरूळमधल्या एका ठिकाणी पास्ता आतून कच्चा लागला म्हणून मी परत पाठवला. मुलगा म्हणाला, 'बाबा, तो असाच असतो.' चूक कोणाची?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : मुलाचे बरोबर आहे, पण आपलेही चुकले नाही. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा करतात. आपल्याकडे बन्सी किंवा बक्षी म्हणतात तो याच जातीचा, शेवयांसाठी पूर्वी मुद्दाम आणला जाणारा गहू. त्याचा दाणा कडक असल्यामुळे शिजल्यावरही दाताला किंचित लागतो, आणि इटलीत तो तसाच लागावा अशी अपेक्षा असते. शेवयांच्या खिरीत शेवयांचा लगदा झाला, तर आपणही नाक मुरडतोच. तरीही तोडल्यावर आत पांढरा, पिठूळ ठिपका स्पष्ट दिसत असेल, तर तो खरोखरच कमी शिजलेला असतो आणि तो परत पाठवणे योग्यच. मऊ आवडत असल्यास मागवतानाच तसे सांगावे. आधी सांगितलेले स्वयंपाकघराला सोयीचे पडते.

प्रश्न : जेवून निघताना काउंटरवरून 'फोकाच्या' पाव आणि पाण्यातले मोझरेला चीज घेतले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बेचव लागले.
— एक वाचक, वाशी

उत्तर : फोकाच्या हा घेतला त्याच दिवशीचा पाव. बोटांनी पाडलेल्या खळग्यांमध्ये साठलेले तेल आणि जाडे मीठ ताजे असतानाच चवीला लागते; शिळा झाल्यास तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटे गरम करावा, फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. मोझरेला आपण बहुधा थेट फ्रीजमधून काढून खाल्ले असावे. खाण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवावे, आणि डब्यातले पाणी शेवटचा तुकडा संपेपर्यंत ओतून टाकू नये.